डोळ्यातलं पाणी मोजणारे डॉक्टर

दर रविवारी कोपरगावातल्या मटणाच्या दुकानासमोर काळे डॉक्टर नाकाला रुमाल लावून उभे राहत. मटण कधीच घेत नसत. बोकडाचे डोळे मागत.

"कालवण करता का काय, डाक्टर?" खाटीक विचारी.

"माप घेतो!"

घरी एकटेच. जेवणाच्या टेबलावर ताटाऐवजी हे डोळे. सिरिंजने आतलं पाणी काढायचं, मोजायचं, तेवढंच मिठाचं पाणी भरायचं.

"डोळ्याच्या आतला पडदा सुटला की त्याच्यामागे पाणी साठतं," ते मला समजावत. "ते काढलं की डोळा चोखलेल्या आंब्यासारखा बसतो. कमी भरलं तर बसलेलाच राहतो, जास्त भरलं तर आतला रक्तपुरवठा थांबतो. अंदाज नको, माप सांगा!"

हे शेवटचं वाक्य ते कोथिंबीरवालीलाही ऐकवत.

पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेल्या पारूबाईचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याचाही पडदा सुटून सावली चढत होती. "कोयता तरी दिसंल का, डाक्टर?" एवढंच तिनं विचारलं.

ऑपरेशनला डॉक्टरांची नजर तिच्या डोळ्यावरून हलणार नव्हती. सिरिंजवरच्या खुणा मोठ्याने वाचायला त्यांनी मला, शेजारच्या औषधदुकानदाराला, उभं केलं. गणेशोत्सवातल्या नाटकांत माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचा ना!

"घोषणा हवी, अभिनय नको," त्यांनी बजावलं.

पाणी निघालं. डोळा खरंच बसला. मग मिठाचं पाणी जाऊ लागलं. "पाव... अर्धा..." माझी नाटकी फेक कुठल्या कुठे पळाली. समोर डोळा हळूहळू गोल होत होता. शेंगदाण्याएवढ्या पाण्यावर एका बाईचं सगळं जग तोललेलं!

"बास," डॉक्टर स्वतःलाच म्हणाले.

पुढे दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, हलायचं नाही. तिची टोळी दुसऱ्या फडावर गेलेली. दवाखान्यात नर्स नव्हती, आणि परक्या पुरुषाच्या हातून पारूबाई घास घेईना. मग डॉक्टर मुकाट्याने उशाशी बसून दूधभात भरवू लागले. तिला वाटलं, नर्सच.

"बोलत का न्हाई वं, बाई?"

डॉक्टर नुसती मान हलवीत.

पट्टी सुटली. पारूबाईनं खिडकीतलं लिंबाचं झाड पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली.

"मला भरवनारी बाई कुठं हाय?"

"तिची बदली झाली," डॉक्टर म्हणाले.

"तिला सांगा, आई गेल्यापासनं मला कुनी भरवलं न्हवतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"तिनंही कुणाला भरवलं नव्हतं," ते म्हणाले. "सांगतो."