मागच्या सीटवरचे पाहुणे

आमच्या सौंसरात पाहुणा आला की आधी पाणी देतात. शेजारचे भाऊराव काका त्याला आधी गाडीत बसवतात. अंगणातल्या जुन्या मोटारीत, तेही मागच्या सीटवर. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणतात आणि मान वळवून विचारतात, "सांगा, काही वाजून राहिलं का?"

"नाही" म्हणणाऱ्याला नुसता चहा. "हो, धप्प वाजलं" म्हणणाऱ्याला चहा, चिवडा आणि वर संत्री. त्यामुळे आमच्या गल्लीत सगळ्यांचेच कान तिखट झाले आहेत.

"गाडी बोलते बाप्पा, ऐकणारा पायजे," हे काकांचं आवडतं वाक्य. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली, आणि परीक्षेला मला छिंदवाड्याला नेलं ते काकांनीच. मी रस्ताभर इतिहासाच्या सनावळ्या घोकत होते आणि ते विचारत होते, "मास्तरीणबाई, आवाज डाव्या चाकाकडून आला का उजव्या?" मी पास झाले. गाडी नापास.

शेवटी मिस्त्रीनं निदान केलं. मागच्या स्प्रिंगांच्या वर-खाली जी जाड रबरं असतात, ती झिजून पापडासारखी झाली होती. लोखंड लोखंडावर आपटत होतं. कारण उघड होतं. दर हंगामात काका नागपूरच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना डिकी भरभरून संत्री पोचवतात.

"काका, एखाद-दोन पेट्या कमी नेल्या असत्या."

"अन् कोणाच्या घरची कमी करू? तूच सांग!"

या वेळी काकांना घाई होती ती काकींमुळे. त्यांच्या मणक्यातली गादी सरकलेली. हादरा बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पावसाळ्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, आणि रविवारी रामाकोन्याला माहेरी भावाच्या नातीचं बारसं. "तुमच्या गाडीत बसण्यापरीस मी फोटोच पाहीन," असं त्या म्हणाल्या होत्या. काकांना ते फार लागलं होतं.

नवी रबरं आली. तेलानं रबर फुगतं म्हणून काकांनी हात साबणानं धुतले, मिस्त्रीलाही धुवायला लावले. गाडी जॅकवर चढली, स्प्रिंगा निघाल्या, रबरं बसली. मग मिस्त्री सहज बोलून गेला, "शेवटचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळायचे." जॅक काढून चाकं जमिनीला टेकवायची, एवढंच त्याला म्हणायचं होतं. काकांनी अर्धी गल्ली गोळा केली.

मागच्या सीटवर मी, माझी आई आणि समोरच्या देशमुखबाई.

"बाई, तुम्ही डाव्या बाजूनं बसा. तुमची अंगलट आमच्या हिच्यावानी आहे."

"काऊन? मी तिच्याहून बारीक आहो!"

"मंग ही संत्र्याची थैली घ्या मांडीवर."

खिडकीतून काकींचा आवाज आला, "एका थैलीनं नाही होत, दोन द्या!"

उभ्या गाडीत बसून आम्ही चहा प्यायलो. मिस्त्री खाली आडवा पडून बोल्ट आवळत होता आणि काका ओरडत होते, "हलू नका बाप्पा, रबर बसून राहिलं!" तेवढ्यात देशमुखबाई शिंकल्या. काकांनी सगळे बोल्ट पुन्हा तपासायला लावले.

रविवारी काकी उशा घेऊन मागे बसल्या. सोबतीला मी, पुढच्या सीटवर. गाडी खरोखर मुकी झाली होती. तरी काका इतक्या हळू चालवत होते की एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला मागे टाकताना विचारलं, "पेट्रोल संपलं का, भाऊ?"

रामाकोन्याच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. काकांनी गाडी थांबवली. उतरून रस्त्याकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "तू चालव. पहिल्याच गिअरमधी." मला गाडी चालवता येत होती, पण ही गाडी त्यांनी पोटच्या मुलालाही कधी चालवू दिली नव्हती. मी काही बोलायच्या आत ते मागे जाऊन बसले.

आरशात दिसलं, काकींच्या पाठीमागची उशी काढून त्यांनी तिथे आपला तळहात ठेवला होता.

"अहो, नवीन रबर टाकलं ना?" काकींनी विचारलं.

"टाकलं."

"मंग?"

काका खिडकीबाहेर पाहू लागले. "बस ना तू नीट."

काकी हळूच त्या हातावर रेलल्या. मी आरसा थोडा वर फिरवला आणि क्लच अगदी सावकाश सोडला.