मानबोकला न जमलेलं काम

मानबोकला गाडीतलं सगळं कळतं, असं सगळं गाव म्हणायचं. म्हणजे मानबोक म्हणायचा आणि गाव ऐकून घ्यायचं. त्यामुळे चुसोकच्या सणाला सोलहून आलेला जेहो जेव्हा म्हणाला, "बाबा, ब्रेक दाबला तरी मागचे दिवे लागत नाहीत," तेव्हा म्हाताऱ्याची कळी खुलली.

"गॅरेज कशाला? बाप मेलाय का तुझा?"

पेडलच्या वर बटणासारखा स्विच असतो. मानबोकने त्याचा नट चांगला पिळला, पेडल दाबलं आणि हाक मारली, "जेहोची आई, लागले का?"

"लागले," म्हणून ओकबुन किमचीच्या लोणच्याचे डबे आणायला आत पळाली. पाय काढल्यावर दिवे विझतात का, हे बघायचं मानबोकच्या डोक्यातही आलं नाही.

जेहो एका रात्रीपुरता आला होता. रस्त्यावर गर्दी व्हायच्या आधी निघतो म्हणत तो जेवणाआधीच निघाला. दोघं फाटकाशी उभी राहिली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ओकबुन आत जात नसे.

भातखाचरांमधून रस्ता सरळ जातो. गाडीचे मागचे दिवे फाटकापासून पार वळणापर्यंत लालभडक.

"अहो, पोराचा पाय ब्रेकवरून निघतच नाहीये." ओकबुन म्हणाली. "जायचं मनच नाही त्याचं. परत येतो की नाही बघा." आणि ती भात टाकायला धावली.

मानबोकला आपण पिळलेला नट आठवला. त्याने गोठ्यामागे जाऊन फोन लावला.

"बाबा, काय करून ठेवलंत हो? मागचे सगळे हॉर्न मारतायत. एक ट्रकवाला तर उतरून शिव्या देऊन गेला."

"मग ये ना परत," मानबोक म्हणाला. एवढं साधं वाक्य इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

जेहो तणतणत आला, तर ताटं मांडलेली. "मला माहीत होतं," आई डोळे पुसत म्हणाली. पोरगा जेवायला बसला.

मानबोक गाडीत शिरला. नट जरासा सैल केला. पेडल दाबलं की दिवे लागले, सोडलं की विझले. झालं काम. खिडकीतून आत दिसत होतं, ओकबुन माशाचे काटे काढून पोराच्या भातावर ठेवत होती आणि तो भरल्या तोंडाने हसत होता. मानबोक नुसताच बघत बसला.

तेवढ्यात शेजारचा दोक्चिल कुंपणावरून डोकावला. "काय रे, झालं नाही अजून? नुसता नट असेल."

"बाबा, झालं का?" जेहोने दारातून विचारलं. "निघू मी?"

मानबोकने नट हळूच परत पिळला.

"नाही रे," तो दोक्चिललाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "मला नाही जमत. उद्या गॅरेज उघडलं की बघू."