परदेशाची रंगीत तालीम

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या हाताखाली आजवर कुणाला साधं खरचटलेलंसुद्धा नाही! पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात मी बावीस वर्षं सुरक्षा अधिकारी आहे. आग लागली तर कुठून पळायचं, गॅस सुटला तर कुठे जमायचं, याचे सराव मी घेतो. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, काखेत नोंदवही. सरावात दोनदा पाय मुरगळला, पण तो माझाच होता, म्हणून तो मी मोजत नाही.

माझं तत्त्व साधं आहे. जे खरोखर करायचंय ते आधी खोटं खोटं करून बघा. आणि सराव आहे हे बाहेर कुणाला कळू देऊ नका! कळलं की माणसं हसत, गप्पा मारत जिना उतरतात. न सांगता भोंगा वाजवला की गुडघेदुखीवाले व्यवस्थापकसुद्धा हरणासारखे धावतात, हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

तर साथीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या घरात एक प्रश्न ठाण मांडून बसला. सुट्टीत परदेशी जायचं की नाही?

बायकोची धाकटी बहीण परदेशात असते. तिला नऊ महिन्यांचं बाळ. माझ्या बायकोनं ते फोनच्या पडद्यावरच बघितलेलं. बाळ रडायला लागलं की हिचे हात आपोआप पुढे व्हायचे आणि फोनला आपटून परत यायचे. एकदा मला म्हणाली, "चालायला लागेल हो ते. कडेवर घ्यायचे दिवस संपतील." आणि उगाचच कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसली.

विमानं नुकतीच सुरू झाली होती. पण तिकडे उतरलं की आधी सात दिवस हॉटेलच्या एका खोलीत कोंडून घ्यायचं. जेवण दाराबाहेर ठेवून जाणार, माणूस दिसणार नाही. तिकीटवाल्यानं आमच्यासाठी चार जागा धरून ठेवल्या होत्या आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

दोन्ही मुली, म्हणजे थोरली आणि आमचं शेंडेफळ, एका पायावर तयार. आई इथेच राहणार होती, ती म्हणाली, "जा रे सगळे. मलाही जरा सुट्टी मिळेल!" बायको म्हणत होती, "तुम्ही म्हणाल तसं." याचा अर्थ काय होतो हे लग्न झालेल्या वाचकांना सांगायला नको.

आणि मी? खरं सांगतो, माझं धाबं दणाणलं होतं. विमानात शेजारचा खोकला तर? परक्या गावात मुली तापानं फणफणल्या तर? पण बावीस वर्षं दुसऱ्यांना 'घाबरू नका' म्हणणाऱ्यानं 'मला भीती वाटते' कुठल्या तोंडानं म्हणायचं? मग मला युक्ती सुचली. सराव! आपल्याच घरात, आपल्याच एका खोलीत, चौघांनी दोन दिवस कोंडून घ्यायचं. माझा मनातला अंदाज असा की संध्याकाळपर्यंत मुली एकमेकींच्या झिंज्या उपटतील, दुसऱ्या दिवशी बायको माझ्या उपटेल, आणि 'नको तो परदेश' हे सगळे आपणहून म्हणतील. साप भी मरे... जाऊ द्या, साप कुठला मरतोय! माझंच शेपूट पायाखाली आलं.

गुरुवारी सकाळी सात वाजता बॅगा भरून लिफ्टनं खाली उतरलो. विमान म्हणून आमची गाडी होती. पार्किंगमध्येच दोन तास पट्टे बांधून, मास्क लावून, काचा वर करून बसलो. मग बॅगा घेऊन जिन्यानं चार मजले वर. थोरलीनं वहीच्या कागदाचे बोर्डिंग पास केले होते. मी तर सरकारी संकेतस्थळावरून आरोग्याचा खराखुरा अर्ज छापून आणला होता. परदेशातून आगमन, तारीख आजची, चौघांची नावं, खाली माझी झोकदार सही! तो मी बेडरूमच्या दारावर चिकटवला. अर्ज खोटा भरला तर सवय कशी लागणार?

आईला हॉटेलच्या नोकरीवर ठेवलं.

"दार वाजवायचं, ताट ठेवायचं, निघून जायचं," मी समजावलं. "बाहेरचं कुणी आलं तर एवढंच सांगायचं, परदेशातून आलेत, सात दिवस कुणाला भेटणार नाहीत."

"आणि सराव आहे असं सांगितलं तर?"

"तर सगळा सराव फुकट! आणि मी शिट्टी वाजवेपर्यंत सराव संपला असं समजायचं नाही. मी स्वतः म्हटलं तरी नाही! कारखान्यात मी असंच करतो. मधेच 'संपलं' म्हणून बघतो, कोण फसतंय ते."

"मी नाही फसायची," आई म्हणाली आणि तिनं एप्रनची गाठ आवळली.

आम्ही खोलीत गेलो. मी स्टॉपवॉच सुरू करून पहिल्या भांडणाची वाट बघत बसलो. एक तास झाला, दोन झाले. कसलं भांडण आणि कसलं काय! मुलींनी पलंगाची चादर बांधून तंबू केला. बायको चक्क पाय पसरून कादंबरी वाचायला लागली. म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा ताट आयतं येतंय हो!" मी नोंदवहीत लिहिलं, 'प्रवाशांची प्रकृती चिंताजनकरीत्या उत्तम.'

चार वाजता बेल वाजली. समोरच्या दारातले निवृत्त शेजारी आले होते. जिन्यात मांजर जरी फिरलं तरी त्यांना कळतं, म्हणून त्यांना आम्ही घरात 'दुर्बीण' म्हणतो. मी दाराला कान लावला.

"सकाळी बॅगा घेऊन आले ते?" दुर्बीण विचारत होते.

"परदेशातून आलेत," आई म्हणाली. "सात दिवस कुणाला भेटणार नाहीत."

"परदेशातून! अहो, परवा तर मला लिफ्टमध्ये भेटले!"

"परदेशातून आलेत. सात दिवस कुणाला भेटणार नाहीत."

"कुणाला बरंबिरं नाही का?"

"परदेशातून आलेत..."

काय ती शिस्त! आत मला आनंदाचं भरतं आलं. कारखान्यातल्या दोनशे माणसांत असा एक निघाला नव्हता. बायकोला म्हटलं, "बघ, याला म्हणतात सराव!"

तासाभरानं पुन्हा बेल वाजली. या वेळी पायापासून डोक्यापर्यंत पांढरे झगे घातलेली तीन माणसं आणि मागे दुर्बीण. झग्यांमधल्या मुख्य बाई आरोग्य खात्यातून आलेल्या. त्यांनी आधी बेडरूमच्या दारावरचा अर्ज वाचला, मग मला बाहेर बोलावलं.

"सही तुमची?"

"सही माझी, पण..."

"तारीख आजची?"

"आजची, पण बाई, हा सराव आहे!"

"सगळे असंच काहीतरी म्हणतात. कालचा एक जण म्हणाला, तो झोपेत चालतो. पासपोर्ट दाखवा."

मी धावत पासपोर्ट आणले. म्हटलं, आता होईल सुटका! बाईंनी पानं उलटली. पुन्हा उलटली.

"यावर शिक्का नाही."

"तेच तर सांगतोय! आम्ही गेलोच नाही!"

"गेला नाहीत आणि आलात? म्हणजे तपासणी चुकवून आलात! कुठून उतरलात?"

"पार्किंगमधून!"

तेवढ्यात शेंडेफळानं मदत म्हणून आपला बोर्डिंग पास पुढे केला. त्यावर सूर्यफूल काढलं होतं. बाईंनी विचारलं, "ही कुठली विमान कंपनी?"

"ती आमची गाडी आहे हो!"

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं. 'मानसिक ताण: आहे.'

मी दुर्बिणीकडे वळलो. "अहो, तुम्ही तरी सांगा! सकाळी आम्हाला खाली जाताना बघितलं असेल ना?"

"जाताना मी पेपर वाचत होतो," दुर्बीण म्हणाले. बावीस वर्षांच्या शेजारात हा माणूस पहिल्यांदा पेपर वाचत होता, आणि नेमका त्याच दिवशी!

शेवटी मी आईचे हात धरले. "आई, यांना सांग काय ते!"

आईनं माझ्याकडे बघितलं. झग्यांकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत 'कळली हो तुझी परीक्षा' असे भाव आले आणि ती ठणकावून म्हणाली, "परदेशातून आलेत! सात दिवस कुणाला भेटणार नाहीत!"

"आई! सराव संपला!"

"शिट्टी कुठंय?"

मी गळा चाचपला. शिट्टी विमानात राहिली होती. गाडीच्या आरशाला टांगलेली!

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाईंनी पाचही जणांच्या नाकात काड्या घातल्या, मुख्य दाराला बाहेरून लाल कागद चिकटवला आणि आमची सगळ्यांची रवानगी सात दिवसांसाठी आमच्याच घरात झाली. नाकातल्या काडीचा निकाल दुसऱ्या दिवशी आला. कुणालाही काही नव्हतं. पण अर्जावर सही होती ना! सही म्हणजे सही. कारखान्यातून साहेबांचा फोन आला, "परदेशी गेलात, हरकत नाही. पण रजेचा अर्ज?" मी म्हटलं, "साहेब, मी घरीच आहे." ते म्हणाले, "हो, आता असणारच!"

शनिवारची सकाळ उजाडली. आई मुलींबरोबर पत्ते कुटत होती आणि धडधडीत लबाडी करून जिंकत होती. बायको खिडकीत केस विंचरत होती. ती मला हळूच म्हणाली, "अहो, जमतंय की आपल्याला. एवढे दिवस तर सहज राहू. मग बाळ..."

तिचा चेहरा असा उजळला होता की मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, "एक सांगू? हा सगळा घाट मी तुम्ही नाही म्हणावं म्हणून घातला होता. मला भीती वाटत होती."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "झोपेत 'मागच्या दारानं बाहेर पडा' असं ओरडत होतात."

ती हसली आणि माझी भीती कुठल्या कुठे पळाली. म्हटलं, गेलो तर काय होईल? सात दिवस हिच्याबरोबर कोंडून राहावं लागेल, एवढंच ना! मी तिच्यासमोर तिकीटवाल्याला फोन लावला. "आमचं नक्की! चारही जागा द्या!"

पलीकडून संगणकावर बोटं बडवल्याचा आवाज आला. मग तिकीटवाला म्हणाला, "साहेब, तुमची नावं आरोग्य खात्याच्या यादीत दिसतायत. तपासणी चुकवून परदेशातून आलेले. अशा माणसांना तीस दिवस विमानात घेता येत नाही. तुम्ही कधी जाऊन आलात? तिकीट कुणाकडून काढलंत?" त्याच्या आवाजात नुसती चौकशी नव्हती, दुखावलेपणही होतं.

फोन स्पीकरवर होता. बायकोनं सगळं ऐकलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं! ती नुसती "असू दे" म्हणाली आणि कपाट उघडून नीट लावलेले कपडे पुन्हा लावायला लागली. आईनं पत्ते खाली ठेवले. बावीस वर्षांत कुणाला खरचटू न देणाऱ्या माणसानं आपल्या बायकोला बरोबर वर्मी दुखावलं होतं.

मेहुणीला मीच व्हिडिओ फोन लावला, म्हटलं शिव्या एकदाच खाऊन घेऊ. सगळा किस्सा सांगितला. ती ऐकत राहिली, मग तिला हसू आलं, इतकं की मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं आणि शेजारी येऊन बसलेल्या बायकोचे हात पुन्हा फोनला आपटले.

"भावजी," मेहुणी डोळे पुसत म्हणाली, "मग आम्हीच येतो!"

"म्हणजे? तुला यायचं होतं?"

"कधीपासून! पण तुम्ही पडलात सुरक्षा अधिकारी. म्हटलं, दारातूनच परत पाठवाल!"

"अगं, मग बोलायचंस ना!" ही फोनवर ओरडली. एवढा मोठा आवाज मी तिच्या तोंडून फक्त झुरळ दिसल्यावर ऐकला होता.

पाच आठवड्यांनी मेहुणी बाळाला घेऊन आली. नियमाप्रमाणे दोघांना सात दिवस आमच्या बेडरूममध्ये राहायचं होतं. त्याच आरोग्य खात्याच्या बाई आल्या. मेहुणीचा पासपोर्ट उघडून त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. "हा बघा. याला शिक्का म्हणतात." तपासणीचे निकालही चांगले आले. मी वेळापत्रक आखलं, दारापासून दोन मीटरवर पट्टी मारली आणि कारखान्यात जाताना बायकोला बजावलं, "पट्टीच्या आत पाऊल नको हं!" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

आठव्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली. अर्ज देऊन घेतली. सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि घड्याळाचा काटा दहावर आल्यावर दार उघडलं. बाळ रांगत बाहेर आलं, मला वळसा घातला आणि तडक बायकोपाशी गेलं. तिनं उचलल्याबरोबर तिच्या मानेत तोंड खुपसून, तिच्या कानातलं मुठीत धरून निवांत बसलं. रडणं नाही, बिचकणं नाही!

"बघितलंत?" मी म्हणालो. "रोज फोनवर दिसण्याचा केवढा परिणाम!"

शेंडेफळ फिस्सकन हसलं. थोरलीनं तिला कोपरखळी मारली. मेहुणीनं छताकडे बघितलं. आई म्हणाली, "अरे, फोन कसला! तू कारखान्यात गेलास की रोज दुपारी सूनबाई तिथेच तर झोपायची. बाळाला दुसऱ्या कुणाजवळ झोपच येत नाही."

मी बायकोकडे बघितलं. ती लाल झाली होती आणि इतकी खूश दिसत होती की काय सांगू!

आता नियम म्हणजे नियम. घरातल्या सगळ्यांचे सात दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवे होते आणि त्यासाठी आरोग्य खात्याच्या बाईंना तिथल्या तिथे फोन करणं हे माझं कर्तव्य होतं. मी खिशात हात घालणार, एवढ्यात बायकोनं बाळ माझ्याकडे दिलं. दोन्ही हात गुंतले. आता असल्या परिस्थितीत माणसानं फोन करायचा कसा, तुम्हीच सांगा!