मथुराबाईंच्या चुकांची हकिकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्या देवतेने पाटी दिली तीस नमन, आणि ज्या माणसाने हात धरून त्या पाटीवर पहिले अक्षर काढविले त्यास एक नमन अधिक. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, घाटमाथ्याच्या पूर्वेस नदीकाठी एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, वाचणाराने आपले घालावे. संवत्सर क्रोधी खरे, परंतु तेथील महाराज स्वभावे इतके मऊ की रागवावयाचे ठरवून बसले तरी मध्येच चहा आला म्हणजे राग विसरत. त्या साली जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे.

राज्याच्या शाळेत मथुराबाई शिकवीत असत. त्यांची शिकविण्याची चाल जगावेगळी, ती ऐसी की बाई रोज जाणूनबुजून एक चूक करीत. फळ्यावर सात आठे चौपन्न लिहीत आणि काही घडलेच नाही ऐसा चेहरा करून पुढे जात, मग वर्गात गलका उठे, "बाई, चुकलं! छप्पन्न, छप्पन्न!", आणि बाई भोळेपणाने म्हणत, "हो का? मला मेलीला चौपन्नच वाटतं. पटवून दे बघू." मग ते पोर पुढे येई, चिंचोके मांडी, आणि बाईंस घाम फोडून पटवून देई. जो चूक धरी त्याचा मान असा होता की त्याने बाईंच्या खुर्चीवर बसावे, आणि बाईंनी त्याच्या जागी सतरंजीवर मांडी घालावी. त्या खुर्चीपायी पोरे डोळ्यांत तेल घालून ऐकत, आणि आपण शिकत आहो हे त्यांच्या गावीही नसे. ही युक्ती बाईंनी कोणास सांगितली नव्हती, कारण चूक मुद्दाम आहे हे कळले की खेळ संपला.

त्या वर्गात सगुणा नामे मुलगी होती, पैलतीरच्या नावाड्याची लेक. शाळेत आली त्या दिवशी ती पहिला शब्द बोलली तो पैलतीरच्या हेलात बोलली, आणि रंगनाथ नामे पुढच्या रांगेतील वीर फिस्सकन हसला, त्याजबरोबर सारा वर्ग हसला, आणि सगुणेने तोंड मिटले ते मिटलेच. बाईंनी रंगनाथाचा कान धरला, परंतु कान धरल्याने दुसऱ्याचे तोंड उघडत नाही. मग बाईंनी मनाशी पण केला की वर्ष सरायच्या आत ही पोर आपण होऊन "चुकलं" म्हणेल, आणि त्यांनी आपल्या चुका सगुणेच्या वाटेवर टाकण्यास आरंभ केला. कधी माशांविषयी चुकत, कधी जाळ्याविषयी चुकत, आणि सगुणा नुसती ओठ चावून बसे.

ऐसे करिता एके दिवशी बाई म्हणाल्या, "समोरच्या घाटाला नाव लावायची असेल, तर नावेचं तोंड सरळ घाटाकडे धरावं आणि वल्हवीत जावं." सर्वांनी माना डोलाविल्या, रंगनाथाने तर सर्वांहून जोरात. सगुणा मात्र जागच्या जागी चुळबुळली, तिने बाईंकडे पाहिले, मग मांडीवरचा हात हळूहळू वर येऊ लागला आणि ओठ विलग झाले, आणि बाई उगाच फळा पुसू लागल्या. इतक्यात मागल्या बाजूने खाकरण्याचा आवाज आला. ते राज्याचे तपासनीस हैबतराव. माणूस बहुत सज्जन, कोणाचे वाईट चिंतणारा नव्हे, परंतु शाळेत आला म्हणजे उणे तेवढेच पाही. ते उठून म्हणाले, "बाई, मी सकाळपासून बसून आहे. तुम्हांला पाढा येत नाही, पोरं तुमच्यावर ओरडतात, आणि तुम्ही त्यांच्यासमोर खाली बसता. काय प्रकार आहे हा?" सगुणेचा हात मांडीवर परत गेला. बाईंस खुलासा करिता आला असता, परंतु पोरे ऐकत होती. बाई इतकेच म्हणाल्या, "माझंच चुकलं, साहेब."

हैबतरावांनी हे वर्तमान दरबारी घातले आणि मग म्हणाले, "हुजूर, इंटरनेट नामे अदृश्य जाळे आहे, त्यातून काचेच्या पडद्यावर सर्व विद्या उतरते. पडदा चुकत नाही, दमत नाही, लेकीच्या बाळंतपणाची रजा मागत नाही." महाराजांस पडदा पाहून लहान मुलासारखा आनंद जाहला. मग बाईंस शालनारळ देऊन मोठ्या सन्मानाने घरी बसविले, आणि वर्गात पडदा लाविला.

पडद्याची निंदा करणे या लेखकास मान्य नाही. त्याने पोरांस देवमासा दाखविला, ज्वालामुखी दाखविला, आकाशातून आपली पृथ्वी कशी दिसते ते दाखविले. एकदा मथुराबाई बाजारातून परतताना खिडकीशी थबकल्या, पडद्यावर समुद्र उसळत होता, बाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, त्या पदर तोंडाला लावून "अगं बाई, केवढं हे!" म्हणाल्या आणि भाजीची पिशवी विसरून तास संपेतो उभ्या राहिल्या. परंतु पडद्यास समोर कोण बसले आहे ते दिसत नसे. त्याला कोणी "चुकलं" म्हणेना, म्हणण्याचा उपयोगही नव्हता. हळूहळू वर्ग चिडीचूप जाहला, आणि हैबतरावांनी शेरा दिला की शिस्त उत्तम.

मग पडद्यावर नदीचा धडा लागला. तो धडा घाटमाथ्याखालच्या, समुद्राकडील राज्याकरिता कोणी रचिला होता, तेथील नद्या पश्चिमेस वाहतात. पडदा गोड आवाजात म्हणाला, "आपली नदी पश्चिमेस वाहते," आणि पोरांनी उतरून घेतले. सगुणेनेही घेतले. जी रोज सकाळी बापाच्या नावेतून येताना नदीच्या उताराकडे सूर्य उगवताना पाही, तिने पश्चिम लिहिले, आणि लिहिताना तिचा चेहरा कसा झाला ते पाहावयास तेथे कोणी नव्हते.

पुढे महाराज हैबतरावांस घेऊन विद्येची पाहणी करावयास निघाले, सकाळची हवा बरी म्हणून वर्ग नदीकाठी बसविला, आणि महाराजांनी खुर्चीत बसून कौतुके विचारिले, "मुलांनो, आपली नदी कोणत्या दिशेला वाहते?" सर्वांनी एका सुरात सांगितले, "पश्चिमेला!" महाराज गोंधळले. त्यांनी गळ्यातील हारातून एक झेंडू तोडून पाण्यात टाकिला, तो डुलत डुलत थेट उगवत्या सूर्याकडे निघाला. पोरांनी झेंडू पाहिला, सूर्य पाहिला, एकमेकांकडे पाहिले, मग रंगनाथ उठून हात जोडून म्हणाला, "महाराज, नदी चुकली."

कोणी हसले नाही. महाराजांचा चेहरा उतरला, चहा आला तो त्यांनी परत पाठविला, आणि म्हणाले, "त्या बाईंना बोलवा." बाई आल्या, पोळ्या लाटता लाटता आल्या, हातास पीठ तसेच. महाराज म्हणाले, "बाई, यांना खरं काय ते सांगून टाका." बाईंनी पोरांवरून नजर फिरविली, शेवटी सगुणा गुडघ्यांत हनुवटी घालून बसली होती तिला पाहिले, आणि नदीकडे बोट करून म्हणाल्या, "समोरच्या घाटाला नाव लावायची असेल, तर नावेचं तोंड सरळ घाटाकडे धरावं आणि वल्हवीत जावं." महाराज म्हणाले, "अगदी बरोबर." हैबतरावांस बाईंविषयी प्रथमच आदर वाटला, ते म्हणाले, "वा! एक तरी बरोबर आलं." मग बाई हातावरचे पीठ खरवडू लागल्या, ते खरवडून संपत आले. बाईंस भय वाटले की पोर आता कायमची मिटली.

मग सगुणा उठली. आवाज फुटला तो पैलतीरचाच फुटला. "बाई, चुकलं." राजा बरोबर म्हणालेला असता चुकलं म्हणाली! बाई म्हणाल्या, "हो का? मला तर बरोबर वाटतं. पटवून दे बघू." सगुणा म्हणाली, "धार खाली ओढती न्हवं! तोंड वरच्या अंगाला धराचं, मंग धारच आणून सोडती घाटाला. सरळ धरलं तर जाशाल म्हशींत!" महाराजांस राहवेना, ते सगुणेच्या बापाच्या नावेत चढले आणि नावाड्यास आज्ञा केली की सरळ धर. नावाड्याने लेकीकडे पाहिले, हसू दाबिले, सरळ धरिले, आणि नाव समोरच्या घाटाऐवजी पार खाली जेथे म्हशी डुंबत असतात तेथे जाऊन चिखलात रुतली. ऐलतीरी गलका उठला, "महाराज, चुकलं! महाराज, चुकलं!", त्यात रंगनाथ सर्वांहून जोरात.

महाराज गुडघाभर चिखल घेऊन परतले आणि त्यांनी पाहिले की सगुणा त्यांच्या खुर्चीजवळ उभी आहे, बसावे की न बसावे. बाई हळूच म्हणाल्या, "हुजूर, आमच्या वर्गाची रीत आहे." महाराजांनी रीत ऐकिली, सगुणेस हाती धरून खुर्चीत बसविले, आणि आपण वाळूत तिच्या जागी मांडी घातली. तेव्हा मथुराबाई पाठमोऱ्या झाल्या आणि पिठाच्या हाताने डोळे पुसले, तेणेकरून सारे तोंड पांढरे जाहले.

सारांश, हैबतरावांनी नवा शेरा लिहिला तो ऐसा: बाईंस पाढे येत नाहीत, नाव हाकता येत नाही, सबब बाईंस कदापि सोडू नये. पडदाही काढिला नाही, बाई पोरांत बसून तो पाहतात आणि धडा संपला की विचारितात, "काय रे, कुठं चुकला?" सगुणा पुढे इतकी बोलू लागली की बाईंस तीनतीनदा "गप गं" म्हणावे लागते, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो. इति हकिकत समाप्त. यात चूक आढळल्यास पुढे येऊन पटवून द्यावी, खुर्ची रिकामी आहे.