पांढऱ्या गाडीतला जळका वास

औरंगाबादच्या पदमपुऱ्यात तात्यासाहेबांनी जुनी, पण पांढरीशुभ्र मारुती घेतली, तेव्हा घरात पहिला वाद झाला तो चपलेवरून. त्यांच्या आईचं, सरूबाईंचं म्हणणं असं, की गाडीला नजर लागू नये म्हणून मागं जुनी चप्पल बांधावी. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क असलेल्या तात्यासाहेबांना हे पटणं शक्यच नव्हतं. "आई, ही मारुती हाय, उसाचा ट्रक नाय," ते म्हणाले. शेवटी लिंबू-मिरचीवर तडजोड झाली आणि सरूबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की घरातल्यांनी सावध व्हायचं असतं. पण तात्यासाहेब तेव्हा काचा पुसण्यात दंग होते.

आठवडाभरात गाडीत रबर जळाल्याचा वास येऊ लागला. घरापुढं गाडी उभी असताना वास नाही, छावणीपर्यंत नाही. पडेगाव मागं पडलं की हळूच नाकाशी यायचा. तात्यासाहेब दर वेळी गाडी थांबवून बॉनेट उघडायचे. आत काय बघायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण गाडीवाल्यानं बॉनेट उघडून बघायचं असतं एवढं ठाऊक होतं.

गफूरमिस्त्रीनं उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून ऐकलं, हुंगलं आणि सांगितलं, "पट्टा घिसता होगा साब." पट्टा बदलला. वास होता तिथंच. हे तात्यासाहेबांनी रात्री जेवताना सांगितलं, तेव्हा सरूबाईंनी भाकरी मोडता मोडता फक्त मान हलवली. दुसऱ्या दिवशी न्हाणीतली निळी स्लीपर नाहीशी झाली. तिची जोडीदारीण तर आधीच्या आठवड्यात गेली होती. तात्यासाहेबांनी दोन्हींचा आळ शेजारच्या कुत्र्यावर घातला आणि शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं. मग मिस्त्रीनं ब्रेकचे लायनर बदलले, आणि वास दुपटीनं येऊ लागला.

इकडे तात्यासाहेबांच्या बायकोचा, आशाबाईंचा जीव टांगणीला. भाऊबीजेला आपल्या गाडीनं येतो, असं त्यांनी अजिंठ्याला माहेरी कळवून टाकलं होतं. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, दर भाऊबीजेला एसटीतून उभ्यानं गेल्या होत्या. "अहो, वहिनी दारात रांगोळी काढणार हाय गाडीपुरती जागा सोडून," त्या म्हणाल्या. यावर तात्यासाहेबांनी पुन्हा एकदा बॉनेट उघडलं.

पाडव्याला वैजापूरहून तात्यासाहेबांचे थोरले चुलतभाऊ आप्पासाहेब आले. त्यांचा कांद्याचा व्यापार. गाडी घेतल्या दिवशीच त्यांनी तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या होत्या. वासाची हकिगत ऐकून त्यांचा चेहरा दुःखी झाला, पण डोळे झाले नाहीत.

"तात्या, पेट घेतला म्हंजी? लेकुरवाळा माणूस तू. देऊन टाक मला. मी रोज कांद्यात बसणारा, मला कशाचा वास येतोय?"

तात्यासाहेब हरले होते. "न्या," ते म्हणाले. आशाबाई आत गेल्या आणि पिशवीत भरलेल्या साड्या पुन्हा कपाटात लावू लागल्या.

आप्पासाहेब नेण्याआधी एक चक्कर मारून बघणार होते. ते चहा पीत असताना सरूबाई कात्री घेऊन गाडीच्या मागं गेल्या आणि बराच वेळ वाकून राहिल्या. आईचाही जीव गाडीत गुंतलाय, हे पाहून तात्यासाहेबांना भरून आलं.

आप्पासाहेब पडेगावच्या पुढं शरणापूर फाट्याला जाऊन परतले ते हसतच. "वास कुठंय रं? आत्तराच्या दुकानात बसल्यागत वाटलं. हातपाय धुतो अन् निघतो."

तात्यासाहेब चक्रावून आईला सांगायला आत गेले, तर सरूबाई न्हाणीत दोन निळ्या स्लीपरा ठेवत होत्या. दोन्हींच्या टाचा वितळून वाटीसारख्या वळल्या होत्या आणि अंगठ्यात काळा दोरा होता.

"ह्या कुठं सापडल्या?"

"बंपरच्या आतून बांधल्या व्हत्या. एकीनं वास जाईना म्हनून दुसरी. आता गाडीच लोकाची झाली, तं आपली चप्पल तिथं कामून ठिवायची?"

तात्यासाहेबांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. गाडी धावू लागली की स्लीपरा झोके घेत तापलेल्या सायलेन्सरला टेकत होत्या, आणि गाडी थांबली की शहाण्यासारख्या सरळ लोंबत होत्या. बिचाऱ्या गफूरमिस्त्रीला दिसणार तरी काय?

पण शब्द तर देऊन झाला होता, आणि थोरल्या भावाला दिलेला शब्द फिरवायचा कसा? मग तात्यासाहेबांनी बायकोला हाक मारून आप्पासाहेबांपुढं चिवडा ठेवायला सांगितलं, स्लीपरा उचलल्या आणि नव्या पायजम्यानिशी गाडीमागं गुडघे टेकले.

चिवडा संपल्यावर ते गरिबासारखे म्हणाले, "आप्पा, जुनी गाडी हाय. मागून बोल नको. अजून एक चक्कर मारून खात्री करून घ्या."

"तू लई सरळ माणूस," आप्पासाहेब गहिवरून म्हणाले आणि गेले.

सायलेन्सर तापलेलाच होता. चक्कर छावणीपर्यंतही गेली नाही. आप्पासाहेब उतरले ते नाकाला उपरणं लावून. "तुझी गाडी तुला लखलाभ. ह्या वासानं माझा कांदा बाजारात कुणी शिवायचा नाय." आणि चिवड्याची पुडी घेऊन ते वैजापूरच्या एसटीला गेले.

आशाबाईंनी साड्या पुन्हा पिशवीत भरल्या. सरूबाई ओट्यावरून सगळं शांतपणे बघत होत्या.

"पाह्यलं ना? त्याचीच नजर व्हती गाडीवर. चपलीनं कशी परतवली."

तात्यासाहेबांनी तोंड उघडलं. उष्णता, सायलेन्सर, झोका, सगळं नीट समजावून सांगायचं त्यांच्या मनात होतं. पण कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून त्यांनी जाऊन बॉनेट उघडलं.

भाऊबीजेच्या सकाळी गाडी अजिंठ्याला निघाली. वास अजिबात नव्हता. पुढच्या नंबरप्लेटखाली, सायलेन्सरपासून चांगल्या लांब, दोन निळ्या स्लीपरा झुलत होत्या. गाठी तात्यासाहेबांनी स्वतः मारल्या होत्या.