वाकड्या केंद्रकांची मोजणी

कोणत्याही शास्त्रीय सत्याला आधी मार्गदर्शकाची सही लागते. निसर्गाची संमती मागाहून घेतली तरी चालते.

उस्मानपुऱ्यातील एका संशोधन संस्थेत प्रा. सर्जेराव यांना असे एक सत्य गवसले होते: कर्करोगाच्या पेशीला एक ठरावीक प्रथिन गरजेपेक्षा जास्त बनवायला लावले, की तिचे गोल केंद्रक वाकडे होते. उरला होता तो फक्त पुरावा. ते काम करमाडहून रोज येणाऱ्या मंजुषाकडे होते. पुरावा मिळाल्यास तिला पीएच.डी. मिळणार होती, न मिळाल्यास अनुभव.

मोजणीची पद्धत आदर्श होती. प्रत्येक काचपट्टीवर चिठ्ठी असे: 'जास्त प्रथिन' किंवा 'साधी'. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यापूर्वी सर ती वाचत. (निरीक्षणाला दिशा हवी.) 'जास्त प्रथिन'वाल्या पट्टीवरचे किंचित लांबट केंद्रकही वाकडे ठरे, 'साधी'वरचे शेंगदाण्यासारखे केंद्रक 'विभाजनाच्या तयारीत' असे. संशयाचा फायदा मिळे, पण चिठ्ठी पाहून.

एके दिवशी मंजुषाला दुर्बुद्धी झाली. चिठ्ठ्या झाकून मोजू या, असे तिने सुचवले.

"झाकल्यावर मला कसं कळायचं गं, वाकडं कशाला म्हणायचं ते?" सरांनी विचारले. प्रश्न पद्धतीला धरून होता.

तरीही तिच्या समाधानासाठी त्यांनी दोन झाकलेल्या पट्ट्या पाहिल्या आणि पहिलीवर बोट ठेवले. "ही बघ. लई वाकडी. याला म्हणायचं प्रथिनाचा परिणाम."

मंजुषाने चिठ्ठी उघडली. 'साधी'.

संस्थेने प्रकरण गांभीर्याने घेतले. चिठ्ठ्या झाकण्यास मनाई झाली, त्यांवरील अक्षरे मोठी करण्याचे ठरले, आणि पीएच.डी. हवी की शंका, याची मंजुषाकडे सौजन्यपूर्वक विचारणा झाली. करमाडला तिच्या वडिलांनी पेढ्यांची ऑर्डर देऊन टाकली होती. तिने चिठ्ठ्या ठळक अक्षरांत लिहून काढल्या. आता ती डॉ. मंजुषा आहे आणि तिचे विद्यार्थी काहीही झाकत नाहीत.

वाचकहो, सरांचे चुकले याबद्दल आपल्या मनात शंका उरली नसेल. दोन पट्ट्या, एकच निरीक्षण, तेही माझ्या तोंडून ऐकलेले. 'पुन्हा करून पाहा' असे आपण एकदाही म्हटले नाही. संस्थेच्या पीएच.डी. परीक्षक मंडळासाठी अर्ज करण्याची गरज नाही. आपली निवड झालेली आहे.