लाल गाडीला दम लागतो तेव्हा

"बाबा, ही गाडी पळते कधी?"

प्रश्न समीक्षाचा नव्हता. तो तिच्या मैत्रिणींचा, दीक्षा आणि प्रियदर्शिनीचा होता. भर गॅरेजमध्ये, चार माणसांसमोर, मोठ्याने विचारायचा, नाहीतर सुट्टीभराचा उसाचा रस तुझ्याकडून, अशी पैज लागली होती. मागच्या वर्षीच्या समीक्षाने मुकाट्याने रस पाजला असता, कारण वर्गात हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. पण डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी मुलगी ऐन वेळी तापाने आडवी झाली, माइक समीक्षाच्या हातात आला, आणि मनातल्या मनात तो तिने अजून खाली ठेवलेला नव्हता.

भरत मिस्त्रीने बोनेटखालून डोकं बाहेर काढलं. चहा पिणाऱ्या दोन गिऱ्हाइकांचे पेले ओठांपाशीच थांबले. रस्त्यापलीकडे रसाच्या गाड्यामागे दोन ओढण्या हसून हसून थरथरत होत्या.

"पळते कधी म्हणजे?" सुहासराव उखडले. "अगो, रॅलीत पळलेली गाडी हाय ही!"

"ते पुण्यात असताना. महाडात आल्यापासून ती नुसती उभी आहे."

गिऱ्हाइकांना ठसका लागला. समीक्षाने पैज जिंकली होती, पण खरं सांगायचं तर त्या हसण्याने तिलाही थोडं लागलं. गाडी तिची लाडकी होती. लालभडक, बुटकी, वय समीक्षाहून जास्त, आणि चालू केली की गल्लीतली कुत्री आधी पळायची, मग लांबून भुंकायची. समीक्षाला अठरा पूर्ण व्हायला अजून बरीच वाट बघायची होती, पण स्टिअरिंगवर हात कसे ठेवायचे हे तिचं ठरून गेलं होतं.

अडचण हवेची होती. आधीच्या रॅलीवाल्या मालकाने वजन नको म्हणून एसी मुळापासून उपटून टाकला होता आणि त्या जागी हवा ओढायला भल्या मोठ्या अळंबीसारखा फिल्टर बसवला होता. सुहासरावांना त्या फिल्टरचा फार अभिमान. समीक्षाच्या आईला, म्हणजे रंजिताबाईंना, त्याचं तोंड बघवत नसे.

"मे महिन्यात त्या भट्टीत मी बसायची नाय," त्यांनी बजावलं होतं. "एसी लावा, नायतर विका. वीर गावचा तो माणूस दोनदा विचारून गेला."

भरत मिस्त्रीने हात पुसत पुसत निकाल दिला. "शेठ, जागा एकाचीच हाय. फिल्टर ठेवा नायतर एसीचा कॉम्प्रेसर बसवा. गाडीनं श्वास घ्यायचा का वहिनींनी, ते तुम्ही ठरवा."

पण सुहासराव असे ठरवणारे नव्हते. बाजारपेठेत त्यांचं पाइप आणि पाण्याच्या पंपांचं दुकान होतं, आणि जगातली कुठलीही अडचण पाइपाने सुटते यावर त्यांची श्रद्धा होती. "हवा काय नि पाणी काय, भरत! फिल्टर खाली सरकव. तिथून पाइप काढ थेट पुढच्या बंपरपर्यंत. खालची गार हवा आत जाईल. वरची जागा एसीला मोकळी!"

"बंपरला भोक कुठं हाय?"

"फॉग लाइट काढ. भोकच भोक."

दुकानातला पांढरा पाइप आला, वाकवला, कापला, जोडला. बंपरमधल्या गोल भोकावर बारीक जाळी बसली. एसीही आला. मिस्त्रीने तो चालू केला तेव्हा समीक्षाच्या कपाळावरचे केस उडाले आणि तिला वाटलं, आता गाडी कायमची आपली.

रंजिताबाईंना मात्र गार वाऱ्याच्या एका झुळकीवर विरघळायची सवय नव्हती. "रविवारी माझ्या भावाकडं, सहदेवच्या घरी सत्यनारायण हाय. एसी लावून, मधे कुठंही न थांबता वरंधला पोचली, तर ठेवा. थांबली, तर वीरवाल्याला फोन."

"कबूल!" सुहासराव म्हणाले. समीक्षाला हे 'कबूल' जरा लवकर आल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी गाडीची पूजा झाली. एवढं काम केल्यावर पूजेशिवाय गाडी दारातून हलवणं रंजिताबाईंना मान्य नव्हतं. हळदकुंकू, नारळ, आणि मनगटाएवढा जाड झेंडूचा हार. तो बंपरवर घालताना त्यांचं लक्ष गोल जाळीकडे गेलं.

"बरी सोय केलीत हो लिंबू-मिरची बांधायला," त्या पहिल्यांदाच गाडीवर खूश झाल्या आणि लिंबू-मिरची तिथेच लटकवली.

सुहासराव फोनमध्ये फोटोचा कोन शोधत होते. "हार असा सैल नको बांधू. माझ्या स्पीडला उडून जाईल. थांब, मीच बांधतो." दुकानातली नायलॉनची दोरी आणून त्यांनी हाराची दोन्ही टोकं बंपरला आवळली आणि मग गाडीशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. स्टेटसवर ओळ गेली: 'आज वरंध. गारेगार.'

बिरवाडी सुटेपर्यंत सगळं छान होतं. आई पुढे डोळे मिटून गार वारा खात होती. मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली समीक्षा मैत्रिणींना खिडकीबाहेरचे व्हिडिओ पाठवत होती. मग चढ लागला. सुहासरावांनी ऐटीत पाय दाबला, आणि गाडीने घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज काढला. जितकं दाबावं तितकी ती हळू. मागून आलेली प्रवाशांनी खच्चून भरलेली रिक्षा पुढे निघून गेली. रिक्षातल्या एका आजीबाईंनी मान वळवून लाल गाडीकडे बघितलं, आणि त्या नजरेत नुसती दया होती.

"एसीनं ताकद खाल्ली," सुहासराव म्हणाले. "बंद कर."

"नाय करायची."

"अगो, चढापुरता!"

गाडी बंद पडली आणि वाद मिटला. सुहासरावांनी बोनेट उघडलं, पाइप थोपटला, वायरी हलवल्या. कुठेच काही नाही. पुन्हा किल्ली फिरवली तर गाडी शहाण्यासारखी सुरू.

"बघा, एसी लावलाय आणि सुरू हाय," रंजिताबाई म्हणाल्या. "तुमचा पाइपच कुचकामी."

"उभ्या गाडीत काय बघतेस? चढू दे जरा."

थोडी चढली आणि परत घसा धरला. या वेळी एसी बंद केल्यावर जराशी बरी चालली. सुहासरावांनी बायकोकडे वकिलासारखं पाहिलं. पण पुढच्या वळणावर ती एसी बंद असतानाही थांबली, तेव्हा बघायची पाळी रंजिताबाईंची होती. काचा खाली, ऊन डोक्यावर, पदर कपाळावर.

"गाडी दमेकरी हाय. उद्याच्या उद्या वीरला पाठवा."

समीक्षा दार उघडून खाली उतरली. "बाबा, मी पुढं उभी राहते. तुम्ही रेस द्या. धूर कुठून येतो का बघते."

ती बंपरसमोर उकिडवी बसली. सुहासरावांनी पाय दाबला. धूर काही आला नाही. पण आवाज वाढला तसा झेंडूचा हार हळूच हलला, मग सरकला, मग थप्पकन जाळीला चिकटला. लिंबू भोकाच्या बरोब्बर मध्ये बसलं. गाडीने घसा धरला. सुहासरावांनी पाय उचलला, आणि हार पुन्हा निमूट लोंबायला लागला, जणू त्याने काही केलंच नाही.

"अय्या," समीक्षा पुटपुटली.

ती ओरडणार एवढ्यात वरच्या वाडीकडून शेळ्यांचा कळप उतरला. पुढची काळी शेळी समीक्षाच्या खांद्यावरून तोंड घालून हारापाशी पोचली. एक झेंडू, दोन झेंडू, मग जबडाभर. नायलॉनची दोरी ताणली, सुटली, आणि उरलेला हार तोंडात धरून शेळी रस्त्याकडेला झाली. लिंबू उतारावर घरंगळलं, पण मिरच्याही तिने सोडल्या नाहीत.

कळपामागून शेळ्यांचे मालक हैबतीबाबा घोंगडी सावरत आले. "ओ शेठ! माझ्या शेळीला मिरच्या चारता काय? दूध तिखट दिलंन तर पोरांनी काय करायचं?"

"बाबा, आम्ही नाय चारल्या, तिनंच..."

"ती काय बाजारात जाऊन आणील मिरच्या?"

सुहासरावांनी पूजेच्या नारळाचं खोबरं देऊन तह केला, गाडीत बसून वैतागून पाय दाबला, आणि लाल गाडी अशी उसळली की रंजिताबाईंच्या मांडीवरचा, प्रसादासाठी नेलेल्या शिऱ्याचा डबा टपाला लागता लागता राहिला. एसी लावला, तरी तीच चाल. मघाची रिक्षा त्यांनी वरंधच्या अलीकडे गाठली आणि मागे टाकली. समीक्षाने त्या आजीबाईंना हात केला.

"इंजिन गार झालं म्हणून," सुहासराव म्हणाले.

"मी सत्यनारायणाला बोलले म्हणून," रंजिताबाई म्हणाल्या.

समीक्षा स्वतःशीच हसत खिडकीबाहेर बघत होती. आपली मुलगी गप्प आहे याची दोघांना खरं तर काळजी वाटायला हवी होती.

सहदेवमामाच्या अंगणात गाडी थांबली आणि रंजिताबाईंनी दारातच बोट उगारलं. "शेवटी पळाली, पण मधे थांबलीच. ठरलं ते ठरलं. लावा वीरवाल्याला फोन."

सुहासरावांचा चेहरा हवा गेलेल्या टायरसारखा बसला. पण शब्द दिला होता. त्यांनी खिशातून फोन काढला, आणि समीक्षाने तो त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. सकाळचं स्टेटस उघडलं. फोटो बोटांनी मोठा केला.

"बाबा, हे भोक कशाचं?"

"हवेच्या पाइपाचं."

"आणि त्याच्यावर काय आहे?"

सुहासरावांनी फोन जवळ घेतला. लांब धरला. परत जवळ घेतला. मग त्यांचा चेहरा उजळला. "हार! रंजिता, तू हार घातलास गाडीच्या नाकात!"

"आणि तो नायलॉनच्या दोरीने आवळला कोणी?" समीक्षाने विचारलं.

आता उजळायची पाळी रंजिताबाईंची होती. "माझ्या स्पीडला उडून जाईल म्हणे!"

घरातून सहदेवमामाचा आवाज आला. "काय झालं हो भावजी? गाडीला काय झालं?"

"काय नाय!" नवरा-बायको एका सुरात ओरडले. इतकं एकमत त्यांचं गाडी घेतल्यापासून झालं नव्हतं.

समीक्षाच्या फोनवर दीक्षाचा मेसेज आला होता: 'पळाली का?' तिने उत्तर टाइप केलं: 'शेळीने हार खाल्ला की पळते.' मग ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली, आणि माइक हातात नसतानाही तिचा आवाज थेट माजघरापर्यंत गेला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. गाडी विकायची नाही. पाइप राहील, एसीही राहील. हार आतल्या आरशाला, लिंबू-मिरची मागच्या बंपरला. परतीला पुढं मी बसणार आणि एसीचं बटण माझ्या हातात. कबूल नसेल तर फोटो मामाला दाखवते."

दोघांनी दाराकडे चोरून पाहिलं. मामा बाहेर येतच होता.

"कबूल, कबूल," रंजिताबाई घाईघाईने कुजबुजल्या. "पण त्या वीरवाल्यानं विचारलं, का नाय विकत म्हणून, तर त्याला सांगायचं काय?"

"त्याला फोन मीच करणार," समीक्षा म्हणाली. "सांगेन, गाडी पळते."